मेघागम, अर्धशिशी आणि आपण

वर्धा जिल्ह्यात वैद्यकी करणाऱ्या कोणासही एक वाक्य नवे नाही. ‘डॉक्टरसाहेब, आभाळ आलं का माझं डोकं उठते.’ नवतपा संपत आला, उकाडा वाढला आणि वाऱ्याबरोबर धूळ उठू लागली की असे रुग्ण दवाखान्यात दिसू लागतात. भाद्रपदात पावसाची उघडझाप सुरू असताना ते पुन्हा येतात आणि शरदाच्या उन्हात तिसऱ्यांदा येतात. आपण मान डोलावतो, ‘हवामानाचा परिणाम आहे’ असे सांगतो आणि चिठ्ठी लिहितो. रुग्णाचे समाधान होते, कारण त्याच्याच मनातले आपण बोललेलो असतो. आपलेही समाधान होते, कारण ग्रंथाधार पाठीशी असतो. या दुहेरी समाधानाविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत. हवामानाने अर्धशिशी उठते, हे मला अमान्य नाही. परंतु हवामान हा अनेक हेतूंपैकी एक हेतू आहे, तो रोगविनिश्चय नव्हे. त्यास रोगविनिश्चयाच्या जागी बसविण्याची आपली सवय रुग्णास फार महागात पडू शकते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात शिरोरोगाचे हेतू एकत्र दिले आहेत. त्यांत पूर्वेकडील वारा आहे, दव आहे, थंडी व ऊन आहे, धूळ व धूर आहे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन शब्द आहेत, मेघागम आणि देशकालविपर्यय. आभाळ भरून येणे आणि देश किंवा काळ बदलणे यांनी मस्तक बिघडते, ही गोष्ट वायुभारमापक यंत्र जगात येण्याच्या कित्येक शतके आधी आपल्या आचार्यांनी नोंदविली होती. याचा आपणास सार्थ अभिमान आहे.

मात्र हा शब्द उचलताना त्याच्या शेजारचे शब्द आपण वाचीत नाही. त्याच यादीत वेगांचे धारण आहे, दिवसाची झोप आणि रात्रीचे जागरण आहे, मोठ्याने बोलणे आहे, न सोसणारा गंध आहे, गुरू व आम्ल आहार आहे, अति थंड पाणी आहे, डोक्यास झालेला आघात आहे, रडणे तसेच अश्रू दाबून धरणे आहे, मनस्ताप आहे. विसांच्या घरातील या हेतूंपैकी आकाशाशी संबंध असलेले मोजकेच. उरलेले रुग्णाच्या दिनचर्येचे, आहाराचे आणि मनाचे आहेत. सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात अर्धावभेदकाचे स्वतंत्र हेतू सांगितले आहेत. तेथेही पूर्ववात व दव यांच्या जोडीला रूक्ष आहार, अति भोजन, अध्यशन, वेगधारण, आयास आणि व्यायाम हे आहेतच. आचार्यांनी आकाश पाहिले आणि त्याच वेळी रुग्णाचे ताट, शय्या आणि कामही पाहिले.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सुश्रुतांनी अर्धावभेदकाचा वेग दहा दिवसांनी किंवा पंधरवड्याने अकस्मात येतो असे म्हटले आहे. वाग्भटांनी तो पंधरवड्याने किंवा महिन्याने प्रकुपित होतो आणि आपोआप शमतो असे सांगितले आहे. म्हणजे या व्याधीस स्वतःची एक आवर्तनगती आहे. आता आषाढ-श्रावणातील आपले आकाश आठवावे. त्या दिवसांत ढग नाही असा दिवस विरळा. ज्याचे डोके पंधरवड्याने दुखावयाचेच आहे, त्याचे ते बहुधा ढगाळ दिवशीच दुखणार. तेवढ्यावरून ढगास दोषी ठरविणे म्हणजे पौर्णिमेस जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे श्रेय चंद्रास देण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट माधवनिदानावरील मधुकोश टीकेतील आहे. तेथे उत्पादक हेतू आणि व्यंजक हेतू असा भेद केला आहे. हेमंतातील मधुर रस कफाचा उत्पादक आणि वसंतातील सूर्यसंताप त्याच कफाचा व्यंजक, हे त्याचे उदाहरण आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेले आहे. मेघागमाकडे मी याच दृष्टीने पाहतो. दोषसंचय आधी झालेला असतो, आभाळ केवळ त्याचा पडदा उघडते. केवळ व्यंजकावर बोट ठेवून थांबलो, तर निदानपरिवर्जन कशाचे करावयाचे? आभाळ टाळता येत नाही. जे टाळता येते ते उत्पादकांच्या यादीत आहे आणि तीच यादी आपण रुग्णास विचारीत नाही.

दाबाचा हिशेब

अलीकडे सुशिक्षित रुग्ण ‘हवेचा दाब कमी झाला’ असे म्हणतात. भ्रमणध्वनीवर दाबाचा आकडा दिसतो आणि तो उतरला की गोळी काढली जाते. म्हणून दाबाविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे.

वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३५ मीटर उंचीवर आहे. आपण काही उंच पहाडावर राहत नाही. या उंचीच्या आसपास दर शंभर मीटर चढणीस हवेचा दाब साधारणतः अकरा हेक्टोपास्कलने उतरतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे सकाळी वर्ध्याहून निघून दुपारी चिखलदऱ्यास पोहोचलेला प्रवासी नव्वदहून अधिक हेक्टोपास्कलचा फरक काही तासांत अनुभवतो. याउलट बंगालच्या उपसागरावरून आलेले कमी दाबाचे क्षेत्र विदर्भावरून सरकते, तेव्हा आपल्याकडील दाब थोड्याच हेक्टोपास्कलनी उतरतो. शिवाय उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोजच दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो अधिक असतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. हा दैनंदिन चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. केवळ दाब हेच कारण असते, तर अर्धशिशीच्या प्रत्येक रुग्णाचे डोके रोज दुपारी चारला दुखले असते आणि चिखलदऱ्याच्या सहलीतून कोणीही धड परतला नसता.

मग दाबाचा संबंध अगदीच नाही काय? तसेही म्हणता येत नाही. जपानमधील उत्सुनोमिया शहरात २८ रुग्णांच्या दैनंदिनी तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाब पाच हेक्टोपास्कलहून अधिक उतरण्याच्या सुमारास वेग वाढल्याचे आढळले. कॅनडातील कॅल्गरी हे सुमारे साडेदहाशे मीटर उंचीवरील शहर. तेथे पर्वतावरून चिनूक नावाचे उष्ण वारे अचानक उतरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात ७५ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा काहींना वारे सुटण्याच्या आदल्या दिवशी त्रास होतो, काहींना वारे जोराने वाहत असताना होतो, आणि दोन्ही वेळी त्रास होणारे फारच थोडे, असे दिसले. अमेरिकेतील बॉस्टन येथे सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २००९ साली निघालेला निष्कर्ष तर आपल्या जिल्ह्यास अधिक लागू पडावा असा आहे. आदल्या चोवीस तासांत तापमान पाच अंश सेल्सिअसने वाढले असता तीव्र शिरःशूलासाठी रुग्णालयात येण्याची शक्यता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते, असे तेथे दिसून आले. दाबाचा संबंध तेथे पुसटच आढळला आणि तोही अर्धशिशीखेरीजच्या शिरःशूलाशी.

या सर्वांत मला सर्वाधिक उद्बोधक वाटतो तो २००४ सालचा एक छोटा अभ्यास. ७७ रुग्णांपैकी ४८ जणांना आपली अर्धशिशी हवामानाने उठते असा विश्वास होता. नोंदी ताडून पाहता ३९ जणांच्या बाबतीत हवामानाशी संबंध दिसला. म्हणजे रुग्णाची समजूत निराधार नसते, पण ती जशीच्या तशी स्वीकारण्याजोगीही नसते. प्रत्येक रुग्णाची हवामानाशी वागण्याची तऱ्हा निराळी, हे तर प्रकृतिविचार करणाऱ्या वैद्यास कोणी शिकवावयास नको.

ढगांमागे काय असते

आता आपल्या भागाकडे पाहू. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. घरोघरी कूलर असतो आणि माणूस त्या गार ओल्या झोतापुढे डोके धरून निजतो. तेथून उठून तो थेट उन्हात जातो, पुन्हा येतो, पुन्हा झोतापुढे बसतो. चरकांनी सांगितलेले शीत आणि आतप एका दुपारी चार वेळा घडतात. त्यात लग्नसराई. मांडवात वाजंत्री, डोक्यावर ऊन, रात्रीचे जागरण आणि जेवणास तीन वाजलेले. घरातील स्त्रीचे तर त्या दिवशी पाणीही वेळेवर होत नाही. सायंकाळी वावटळ सुटून आभाळ भरते आणि डोके उठते. रुग्ण सांगतो, ‘आभाळानं उठलं.’ त्या दिवशीच्या पाच हेतूंपैकी त्याच्या स्मरणात राहिलेला हा एक.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. अर्धशिशीचा वेग वेदनेपूर्वीच सुरू झालेला असतो. कित्येक तास, क्वचित दीड-दोन दिवस आधी जांभया, मान आखडणे, चिडचिड, प्रकाश वा गंध न सोसणे ही पूर्वरूपे दिसतात. अशा अवस्थेतील रुग्णास ढगांआडचा प्रकाशही टोचतो आणि पहिल्या सरीचा मातीचा वासही नकोसा होतो. त्याला वाटते, या प्रकाशाने वा वासाने दुखणे आणले. वस्तुतः ते हेतू नव्हेत, पूर्वरूप आहे. हेतू आणि पूर्वरूप यांचा हा घोळ सोडविणे हेच वैद्याचे काम.

माझ्याच हातून झालेली चूक येथे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात एक तिशीतील शेतकरी माझ्याकडे आला. कपाळ व कानशिले दुखणे, मळमळ, घाम, अंधारी. ढगाळ दिवशीच होते, असे त्याने आपण होऊन सांगितले. मी मेघागम म्हटले, पथ्यादि क्वाथ आणि नस्य दिले. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. मी औषध थोडे बदलले. तिसऱ्या वेळी त्याची पत्नी सोबत होती. ती म्हणाली, ‘फवारणी केली का असंच होते यांना.’ मी त्याच्या डोळ्यांत विजेरी धरली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या होत्या. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठविले आणि तो बरा झाला, ही ईश्वराची कृपा. त्यात माझे कौतुक काही नाही. पहिल्याच दिवशी ‘त्या दिवशी वावरात काय केले?’ असे मी विचारले असते, तर पुढील दोन्ही भेटींची वेळच आली नसती.

येथे गोम अशी आहे की, त्या रुग्णाचे निरीक्षण खोटे नव्हते. ढगाळ हवेत कपाशीवर तुडतुडे, मावा, पांढरी माशी वाढतात. कीड वाढली की फवारणी वाढते. दमट हवेत अंग घामेजलेले असते, पाठीवरचा पंप गळत असतो आणि औषध कातडीवाटे शरीरात शिरते. ढग आणि डोकेदुखी यांचा संबंध खरा होता, पण तो दाबाचा किंवा दोषांचा नव्हता, विषाचा होता. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. आपला जिल्हाही कपाशीचाच आहे. ज्या आयुर्वेदाने अगदतंत्रास अष्टांगांत स्थान दिले, त्याच्या अनुयायांनी श्रावण ते आश्विन या काळात प्रत्येक शिरःशूलाच्या रुग्णास फवारणीविषयी विचारू नये, हे आपणास शोभत नाही. लाळ, घाम, अश्रू, उलटी, जुलाब, स्नायूंचे स्फुरण आणि संकुचित बाहुल्या यांपैकी काही आढळले, तर क्वाथ देत बसू नये. अंगावरील कपडे उतरवून, अंग साबणाने धुवून रुग्ण सेवाग्राम वा सावंगीस किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावा.

हीच दक्षता इतरत्रही हवी. पन्नाशीनंतर प्रथमच उठलेले डोके, क्षणार्धात पराकोटीस गेलेली वेदना, ज्वर व मान ताठणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, गरोदरपणात वा प्रसूतीनंतर उद्भवलेला शूल, लाल डोळा आणि अंधुक दृष्टीसह अर्धे डोके दुखणे, या अवस्थांत आभाळाकडे पाहण्याचे कारणच नाही. शेवटच्या अवस्थेचे वर्णन सुश्रुतांनी अधिमंथ म्हणून केले आहे आणि त्यात दृष्टी जाते हेही बजावले आहे. आणि भर उन्हाळ्यात डोके दुखत असलेला, बरळणारा, अंग तापलेला मजूर हा उष्माघाताचा रुग्ण आहे, हे तर सांगावयासच नको.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

‘हवामानामुळे’ या निदानाची खरी किंमत औषधाच्या दुकानात मोजली जाते. हवामान रोजच बदलते, म्हणून गोळीही रोजच लागते. महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस साधी वेदनाशामके, अथवा दहा वा अधिक दिवस मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले की त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. हा आता सर्वमान्य व्याधी आहे. रुग्ण मात्र म्हणतो की हवामान बिघडत चालले आहे. त्याचे रोजचे गिऱ्हाईकपण प्रथम दिसते ते विक्रेत्यास. वैद्यास ते कधीच दिसत नाही. म्हणून जो महिन्यातून तिसऱ्यांदा पट्टी मागतो, त्यास ‘एकदा वैद्यांना दाखवा’ असे सांगणे हे आपल्या हाती आहे. त्यात दहा रुपयांची विक्री बुडेल हे मान्य, पण उन्हात घाम गाळून शुष्क झालेल्या, उपाशीपोटी असलेल्या मजुरास दिलेली वेदनाशामक गोळी त्याच्या वृक्कांवर काय परिणाम करते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो तोटा मोठा वाटणार नाही.

आयुर्वेदिक औषधांच्या विक्रेत्यांनीही आपण या दोषापासून मुक्त आहोत असे समजू नये. शिरःशूलादिवज्र रस हा रसकल्प आहे; तो पारद-गंधकाचा योग आहे, चूर्णासारखा सहज हाती ठेवण्याचा पदार्थ नव्हे. गर्भिणीस आणि वृक्कविकारी रुग्णास तो परस्पर देणे घातक आहे. आणि ज्या बिनलेबलाच्या ‘आयुर्वेदिक’ पुडीने पाच मिनिटांत डोके थांबते, तिच्यात बहुधा आधुनिक वेदनाशामक किंवा स्टिरॉइड मिसळलेले असते, हे आपण सर्व जाणतो. अशी पुडी दुकानात ठेवणारा स्वतःच्याच शास्त्राची बदनामी विकतो.

काय करता येईल

टीका पुष्कळ झाली. उपाय साधा आहे आणि त्यास खर्च नाही. प्रत्येक रुग्णास एक शाळकरी वही द्यावी आणि तीन महिने रोज एक ओळ लिहावयास सांगावी. डोके दुखले की नाही, किती वाजता, झोप किती, जेवण केव्हा, पाणी, ऊन, जागरण, उपवास, मासिक पाळी, फवारणी, गोळी घेतली काय, आणि आकाश कसे होते. यात महत्त्वाची अट एकच : ज्या दिवशी दुखले नाही त्या दिवसाचीही नोंद हवी. आभाळ होते आणि डोके दुखले नाही, असे किती दिवस होते, हे कळल्यावाचून आभाळाचा अपराध सिद्ध होत नाही. वर्ध्याचे तापमान व पर्जन्य यांच्या दैनंदिन नोंदी हवामान खाते प्रसिद्ध करीत असते. वहीतील नोंदी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. निरक्षर रुग्णाच्या घरात शाळेत जाणारे मूल असते; ते आनंदाने लिहिते, असा माझा अनुभव आहे.

तीन महिन्यांनी वहीतून तीन प्रकारचे रुग्ण निघतात. काहींची अर्धशिशी खरोखरच मेघागमाशी बांधलेली असते. त्यांच्यासाठी वाग्भटोक्त ऋतुसंधीचा नियम अतिशय उपयुक्त आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस त्यांनी वेळेवर लघु आहार, पुरेशी झोप, अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य आणि कानास व मस्तकास वाऱ्यापासून आच्छादन हे पथ्य कटाक्षाने पाळावे. कूलरचा झोत डोक्यावर घेऊ नये. आभाळ टाळता येत नाही, पण ते येण्यापूर्वी दोषांचे बळ कमी करता येते. दुसऱ्या प्रकारात ढगाआड उपवास, जागरण, ऊन, पाळी वा मनस्ताप दडलेला असतो; तेथे उत्पादक हेतूवरच काम करावे. तिसरा प्रकार थोडा, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. त्यात फवारणी, गोळ्यांचा अतिरेक, रक्तदाब किंवा नेत्रविकार हाती लागतो. त्या एका रुग्णासाठी उरलेल्या सर्व वह्यांचे श्रम सार्थकी लागतात.

माझी संघटनेस नम्र सूचना आहे की, येत्या ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यातून निदान पाच वैद्यांनी अशा वह्या ठेवाव्यात आणि दिवाळीनंतरच्या सभेत त्या एकत्र मांडाव्यात. निष्कर्ष आपल्या समजुतीच्या बाजूने निघाला तर आनंद आहे. विरुद्ध निघाला तरी नुकसान काहीच नाही. मेघागम हा शब्द लिहिणाऱ्या आचार्यांनी तो कोणाचे ऐकून लिहिला नसावा. अनेक रुग्ण आणि अनेक ऋतू पाहून लिहिला असावा. त्यांचा शब्द आपण वारसा म्हणून घेतला आहे, तर त्यांचे पाहणेही घेतले पाहिजे.